एका राज्यांतले अनेक मुलूख

(गांवच्या वाचनालयांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



मी कांहीं वक्ता नव्हें. खडू आणि छडी हीं आम्हां शिक्षकांचीं हत्यारें. त्यांतली छडी सरकारनें काढून घेतली, खडू तेवढा उरला. अध्यक्षांनीं विषय दिला आहे "आपलें महाराष्ट्र राज्य." असल्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. ते व्यासपीठावर चढले कीं शिवरायांपासून आरंभ करतात, ज्ञानोबा-तुकोबांचीं नांवें घेतात, सह्याद्रीची छाती दाखवितात, आणि आपण सारे एक असें सांगून टाळ्या घेऊन मोटारींत बसतात. ऐकणारा शेतकरी घरीं जातो तो रिकाम्या हातानें. आपण सारे एक आहों कीं नाहीं हें मला आज सांगतां येणार नाहीं. आपण वेगळे कोठें आहों, आणि तो वेगळेपणा निसर्गानें किती घडविला व माणसानें किती, एवढें माझ्या बुद्धीप्रमाणें सांगतों.

त्याला कारण झालें आहे, तें आधीं सांगितलें पाहिजे. दिवाळीची सुटी संपली, कारखान्याचें धुराडें पेटलें आणि नेहमींप्रमाणें ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. ओढ्याच्या कडेला खोप्या उभ्या राहिल्या. त्यांतला एक मुलगा शाळेंत आला, त्याला मीं चौथींत बसविलें. त्याला म्हटलें, "दप्तर पुढें ठेव." त्यानें विचारलें, "कामून, सर?" झालें! सारा वर्ग हंसला. त्या दिवसापासून त्याचें नांवच "कामून" पडलें. तिसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. मी खोपीवर गेलों. आई कोयत्याला धार लावीत होती. ती म्हणाली, "गुरुजी, ऱ्हाऊ द्या लेकराला. लहान्याला सांभाळतंय." पोरगा माझ्याकडे न बघतां धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभा होता.

ज्या पोरांनीं त्याला हंसून घालविलें तीं तुमचीं पोरें आहेत, माझाही मुलगा त्यांत आहे. तेव्हां आजचें व्याख्यान त्यांच्या बापांसाठीं आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं मी ट्रेनिंग कॉलेजांत होतों, तेव्हां वसतिगृहाच्या एका खोलींत आम्ही चौघे होतों. एक सिंधुदुर्गाचा, एक धुळ्याकडचा, एक भंडाऱ्याचा आणि मी कृष्णाकांठचा. पहिले चार दिवस कोणाला कोणाचें कळेना. "कां?" हा साधा एका अक्षराचा प्रश्न, मालवणी म्हणे "कित्याक", खानदेशी म्हणे "काबर", भंडारेकर म्हणे "काहून", आणि मी "का रं". चौघांचीही मराठीच! आणि वर्गांत अध्यापक आम्हां चौघांनाही सांगत, हें अशुद्ध आहे. मग शुद्ध कोणाचें? मोल्सवर्थ साहेबानें शास्त्रीमंडळी हाताशीं धरून १८३१ सालीं कोश छापला, पुढें मेजर कँडी साहेबाच्या नजरेखालीं शाळेचीं पुस्तकें झालीं, आणि पुणेरी शास्त्रीपंडितांची जी बोली तिच्यावर शुद्धतेचा शिक्का बसला. जो शिक्का मारतो त्याची बोली ती भाषा, आणि बाकीच्यांची भाषा ती बोली. आमच्या आजेपणज्यांना त्या शिक्क्यानें शाळेंत हंसविलें. आतां आमचीं पोरें तोच शिक्का घेऊन बीडच्या पोराला हंसतात. हें पाहून मला जास्त वाईट वाटलें.

त्याच खोलींतली आणखी एक गंमत. आमचा बेंदूर आषाढांत झाला, मीं घरून आणलेल्या पुरणपोळ्या वांटल्या. धुळेकर म्हणाला, आमचा पोळा अजून लांब आहे. तो आला श्रावणी अमावास्येला. दुसऱ्या दिवशीं भंडारेकरानें तान्ह्या पोळ्याची कथा लावली, कीं त्या दिवशीं पोरें लांकडाचे बैल सजवून घरोघर नेतात. मालवणी ऐकत राहिला. त्याच्याकडे गुरांचा मान दिवाळीच्या पाडव्याला. बैल तोच, त्याच्या मानेवरचें जूंही तेंच, पण सणाला तिथी तीन. पंचांग भटानें लिहिलें तरी हा सण ठरविला पावसानें व शेतकामानें, असें माझें मत आहे. ज्या मुलखांत बैलाच्या कामाला जेव्हां थोडी उसंत, तेव्हां त्याचा मान.

आणि जेवायला बसलों कीं दुसरा तमाशा! राज्याच्या पश्चिम टोंकाचा मालवणी आणि पूर्व टोंकाचा भंडारेकर या दोघांना दोन्ही वेळ भात पाहिजे. मधल्या आम्हां दोघांना भाकरी. मुंबईपासून गोंदियापर्यंत आगगाडीनें सुमारें हजार किलोमीटर होतात. दोन्ही टोंकांना भात, आणि मध्यें सारा ज्वारी-बाजरीचा मुलूख. कोंकणांत रोपें लावतात त्याला लावणी म्हणतात, भंडाऱ्याकडे तिलाच रोवणी म्हणतात. आमच्या तिफणी-पाभरीचें दोघांनाही नवल.

हें असें कां? याचें उत्तर आभाळांत आहे. लांब जाऊं नका, आपल्या शेजारचा सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरीं वर्षाला साडेपांच हजार मिलीमीटरांवर पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर माण तालुका. तेथें पांचशें पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. जिल्हा एक, कलेक्टर एक, आणि पाऊस दसपट. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला थटतात, कोंकणांत व घाटमाथ्यावर रिते होतात, आणि पलीकडे उरलेसुरलें जातें. मग पूर्वेला नागपुराच्या पुढें पाऊस पुन्हां वाढतो, कारण तिकडे बंगालच्या उपसागराकडचे ढग येतात. जमिनीचेंही तसेंच. नाशिकपासून वऱ्हाडापर्यंत बहुतेक खालीं काळा फत्तर. त्याची झीज होऊन नदीच्या कांठीं काळी कसदार जमीन झाली, माथ्यावर मुरूम राहिला. नागपुराच्या पूर्वेस हा फत्तर संपतो व जुने खडक लागतात, म्हणून मँगनीज, दगडी कोळसा, लोखंड हें सारें त्या बाजूला आहे. जमिनीखालीं धन, वर अरण्य, आणि त्या अरण्यांत राहणारा गोंड माडिया मात्र राज्यांतल्या अत्यंत गरिबांत. त्याच्याकडे माडिया-गोंडी बोलतात, ती मराठीची बहीण नव्हे, तेलुगूच्या गोतांतली. मेळघाटांतल्या कोरकूंची भाषा तर त्याहून निराळ्या कुळांतली. "महाराष्ट्र म्हणजे मराठी" असें आपण बोलून जातों तेव्हां हीं माणसें हिशेबांतून गळतात.

बोलायचें तर अजून पुष्कळ आहे: सोलापुरांतले तेलुगू पद्मशाली विणकर, मालेगांवचे उत्तरेकडून आलेले मोमीन कोष्टी, येवल्याची पैठणी, सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं, कोंकणांतला दशावतार आणि धानाची कापणी झाल्यावर रात्ररात्र चालणारीं झाडीपट्टीचीं नाटकें. पण रंजनापुरतें एवढें पुरे. पावसानें जें घडविलें तें मुकाट्यानें मानावें लागतें. माणसानें जें घडविलें त्याचा मात्र जाब विचारतां येतो, तिकडे वळतों.

आज ज्याला आपण एक राज्य म्हणतों तें १ मे १९६० रोजीं एका नांवाखालीं आलें. त्याआधीं या मुलखांचे धनी वेगळे होते, कायदे वेगळे होते. आपल्याकडे पेशवाई १८१८ सालीं बुडाली व रयतवारी आली. सारा शेतकऱ्यानें थेट सरकारांत भरावयाचा. साऱ्याच्या जोडीला सावकार आला, १८७५ सालीं सुप्याकडे दंगे झाले, हें सर्व खरें; पण जमिनीच्या उताऱ्यावर नांव रयतेचें होतें. कोंकणांत मध्यें खोत बसला. शेतकरी पिकवी आणि खोत उचलून नेई. अलिबागजवळ चरी गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसल्या नाहींत. सहा वर्षें संप! डॉक्टर आंबेडकरांनीं १९३७ सालीं खोती मोडण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत आणलें, आणि खोती मोडण्याचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलें. तोंवर कोंकणचा तरुण मुंबईच्या गिरणींत जाऊन बसला होता आणि घर मनिऑर्डरीवर चालत होतें. गिरण्यांचा संप १९८२ सालीं झाला, मग त्या मनिऑर्डरीही आटल्या.

नागपुराकडे मालगुजार होते. त्यांच्या जुलमाच्या कथा आहेत, पण एक गोष्ट त्यांच्या काळची चांगली राहिली. भंडारा-गोंदियाच्या मुलखांत धानासाठीं हजारों तलाव बांधले गेले, आणि त्यांत कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांचें कसब होतें. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ कोणी काढावा हें ठरेना, आणि पुष्कळ तलाव उथळ झाले. त्यांना आतां "माजी मालगुजारी तलाव" म्हणतात, जणूं पाणीच निवृत्त झालें! वऱ्हाडांत कापूस. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी झाली तेव्हां मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून साहेबाची नजर वऱ्हाडावर गेली, आगगाडी गेली, जिनें उभीं राहिलीं. पण धागा दुसरीकडे निघाला व कापडही दुसरीकडे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याकडे राहिला फक्त भाव, आणि तोही दुसऱ्यानें ठरवावयाचा. यवतमाळकडे शेतकऱ्यांनीं जीव दिल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों, त्यांचें एक मूळ येथें आहे.

आतां मराठवाडा, म्हणजे आमच्या "कामून"चा मुलूख. तेथें १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल. जहागिरदार व देशमुख वर, रयत खालीं. विद्येची गोष्ट ऐका. आपल्याकडे महात्मा फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला, शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. अमरावतीस पंजाबराव देशमुखांनीं १९३२ सालीं शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्याच काळांत मराठवाड्यांतल्या मराठी पोराला वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि त्यासाठीं हैदराबादेस जावें लागे. त्या भागाला स्वतःचें विद्यापीठ मिळालें १९५८ सालीं, तेव्हांच्या औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास. माझा आजा रयतेच्या शाळेंत सातवी झाला म्हणून माझा बाप शिपाई झाला व मी शिक्षक झालों. त्या पोराच्या आजाला शाळा दिसलीच नाहीं, म्हणून तो पोरगा आज खोपींत आहे. दोघांच्या अकलेंत फरक मला दिसला नाहीं.

राज्य होण्याआधीं, २८ सप्टेंबर १९५३ रोजीं, नागपूर करार झाला. विदर्भ व मराठवाड्याला लोकसंख्येच्या मानानें वांटा मिळेल असें लिहून दिलें गेलें. घटनेंतही ३७१ वें कलम त्यासाठीं आहे. पुढें काय झालें? १९८३ सालीं सरकारनें दांडेकर समिती नेमली. तिनें रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने मोजून अनुशेषाचा आंकडा काढला सुमारें ३,१८६ कोटी रुपये. विकास मंडळें निघालीं १९९४ सालीं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. मध्यंतरीं केळकर समितीही झाली, तिचा अहवाल २०१३ चा. समित्यांचा अनुशेष मात्र या राज्यांत कधीं राहिला नाहीं!

येथें आपल्यांतले कांहीं जण मनांत म्हणत असतील कीं, मास्तर, आम्ही कष्ट केले, सहकार उभा केला, त्यांनीं कोणी नको म्हटलें होतें? हा प्रश्न मला खोपीवरून परत येतांना एका बांधावर खरोखरच विचारला गेला. त्याचें उत्तर नीट देतों.

कष्ट केले यांत शंका नाहीं. प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना १९५० सालीं चालूं झाला, त्याच्या मागें विठ्ठलराव विखे पाटलांची पायपीट आणि धनंजयराव गाडगीळांची विद्या होती. पण कारखान्यांच्या भागभांडवलांत सरकारचा पैसा होता. कर्जाला हमी सरकारची होती. कृष्णा खोरें विकास महामंडळ १९९६ सालीं निघालें, लवादाच्या मुदतींत पाणी अडविण्याची घाई होती, म्हणून रोखे काढून कर्ज उभें केलें. त्यालाही हमी राज्याची. राज्याचा खजिना म्हणजे काय? त्यांत मुंबईच्या व्यापाराचा कर, वऱ्हाडच्या कापसावरचा कर, आणि बीडच्या माणसानें विकत घेतलेल्या काडेपेटीवरचाही कर. पाण्याचें म्हणाल तर, राज्यांतल्या पिकाऊ जमिनीच्या शंभरांत चार-पांच भागांवर ऊस आहे, आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वांटा तो पितो. माझ्याही दीड एकरांत ऊस आहे. म्हणून हें मी दुसऱ्याकडे बोट दाखवून बोलत नाहीं.

आणि आपला मुलूख तरी सारा सुखी आहे काय? माण, जत, आटपाडी हे आपलेच तालुके. खानापूर-आटपाडीचीं पोरें सोनेंचांदी गाळायला कोलकात्यापर्यंत व तमिळ मुलखांत गेलीं, तीं हौसेनें गेलीं नाहींत. गलाई कामगार हें नांवच दुष्काळानें दिलें. नागनाथअण्णा नायकवडींनीं १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरविल्या, तेव्हां त्यांचें मागणें एवढेंच होतें कीं कृष्णेचें पाणी सर्वांना सारखें वांटा. त्या वेळीं कृष्णाकांठच्या बागाईतदारांना तें कडू लागलें. तेव्हां विदर्भ-मराठवाडा विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र अशी सरळ रेघ ओढून चालत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेचा कांठ आहे आणि पाथर्डीही आहे. पाथर्डीहून टोळ्या निघतात. मुंबई हें राज्याचें धनभांडार, आणि तिच्या शेजारच्याच पालघर जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याचीं कुपोषित मुलें. २०११ च्या शिरगणतींत राज्यांत शेकडा ८२ लोक साक्षर, नंदुरबारांत ६४. रेघ मुलखामुलखांतून जाते, तालुक्यातालुक्यांतून जाते, आणि आपल्या गांवांत ती ओढ्यावरून जाते.

कडू वाटेल, पण बोलतों. भटाचें व सावकाराचें वर्चस्व मोडायला आपल्या वाडवडिलांनीं वर्तमानपत्रें काढलीं, जलसे केले, शिव्या खाल्ल्या. मग सत्ता आपल्या माणसांच्या हातीं आली. ती आल्यावर चेअरमनच्या मोटारीला वाट देतांना आपण तितकेच वांकतों जितके आजे-पणजे पूर्वीं वांकत. आणि खोपींतल्या माणसाशीं आपण बोलतों तो आवाज कुलकर्ण्याच्या ओट्यावरून पूर्वीं आपल्याला ऐकूं येणारा आवाज आहे. कोणाला राग आला असेल तर त्यानें उद्यां शाळेंत येऊन मला बोलावें.

ऊसतोडीचा हिशेब तुम्हांला ठाऊक आहे, तरी बायकापोरींसाठीं सांगतों. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यांत घरीं दाणा नसतो तेव्हां मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि ती पांच-सहा महिने राबून फेडायची. एक दिवस चुकला तर खाडा. बाईला दुखणें असो, पाळी असो, खाडा तो खाडाच. बीड जिल्ह्यांत ऊसतोड बायकांचीं गर्भाशयें काढून टाकलीं जातात हा प्रश्न २०१९ सालीं विधिमंडळांत निघाला व सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. येथें बसलेल्या आयाबहिणींनीं याचा विचार आपापल्या मनाशीं करावा; पुरुषांपुढें मी अधिक बोलत नाहीं. उचल फिटली नाहीं तर पुढल्या सालीं पुन्हां यायचें. ज्या पोराला आज शाळा नाहीं तो आठ वर्षांनीं बायकोसह नवा कोयता होऊन याच ओढ्याला येईल, आणि आपलीं पोरें तेव्हां ऊस लावणारीं असतील.

आतां करायचें काय, तें थोडक्यांत सांगून बसतों. मीं खोप्या मोजल्या. सहा ते चौदा वयाचीं एकतीस मुलें आहेत. कायद्यानें त्यांना कोणत्याही शाळेंत, कागद असो-नसो, वयाप्रमाणें बसवायचें आहे, म्हणून दाखल्याची अडचण काढूं नका. अडचणी दोनच. एक, धाकटीं भावंडें. त्यांना अंगणवाडींत घ्यायला बाई तयार आहेत, पण जागा पुरत नाहीं, तेव्हां तालमीची पुढची खोली एप्रिलपर्यंत सकाळची मिळावी. पहिलवान मंडळींचा व्यायाम सात वाजतां संपतो, तें मीं पाहून घेतलें आहे. दुसरी, ओढ्यापासून शाळा तीन किलोमीटर, वाट फडांतून, सकाळीं ट्रॅक्टर-ट्रकांची वर्दळ. यासाठीं गाडी पाहिजे. मागल्या बैठकींत पाटीलकाकांनीं सांगितलें होतें कीं त्यांचा छोटा टेंपो दूध घालून साडेआठला मोकळा होतो. काका, तुम्ही मागें बसलां आहां, मला दिसतां. डिझेलाचे पैसे आम्ही शिक्षक निम्मे भरूं. उरलेल्या निम्म्यांसाठीं सुतारआळींतून व कुंभारवाड्यांतून नांवें आलीं आहेत, बागाईतदारांकडून अजून एकही नाहीं. वही दाराशीं ठेवली आहे. सोमवारीं पहिली फेरी करायची, तेव्हां जातांना सांगून जावें.